टर्बो इंजिनातील प्राणवायू-सेन्सर : नोंद कशी वाचावी व दोष कसा शोधावा

नाशिकजवळील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीचा मोटारधंद्याशी निकटचा संबंध आहे. महिंद्र कंपनीचा मोटारगाड्यांचा कारखाना येथे आहे. २०१९ सालच्या फेब्रुवारीत बाजारात आलेली एक्सयूव्ही ३०० ही तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची गाडी नाशिकच्याच कारखान्यात तयार झाली. पूर्वी ‘मायको’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॉश कंपनीचा इंधन-फवारणीचे भाग बनविणारा कारखाना याच वसाहतीत आहे. सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेले अनेक तरुण कारागीर तालुक्याच्या गावी गॅरेज चालवितात. अशा प्रकारच्या गाड्या आता निफाड, दिंडोरी व सिन्नर या भागांतील शेतकरी कुटुंबांच्याही दारी दिसू लागल्या आहेत.

या गाड्यांच्या बाबतीत एक तक्रार वारंवार ऐकू येते. गाडीच्या दर्शनी फलकावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला असता प्राणवायू-सेन्सरशी संबंधित दोषांक दिसतो. सेन्सर बदलला जातो, काही हजार रुपये खर्च होतात, आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा लागतो. याचे कारण बहुधा असे असते की, सेन्सर खोटे बोलत नव्हता. इंजिनातील दुसऱ्याच एखाद्या दोषाची तो साक्ष देत होता. साक्षीदार बदलल्याने गुन्हा नाहीसा होत नाही. याकरिता सेन्सरची नोंद कशी वाचावी व दोषाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे गाडीच्या मालकास व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास माहीत असणे अगत्याचे आहे.

सेन्सरचे कार्य

गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणारा अनुभवी माणूस धुराड्याच्या धुराकडे पाहून जाळ कसा चालला आहे हे ओळखतो. धूर काळा व दाट निघू लागला म्हणजे चिपाड जास्त व हवा कमी पडते, हे त्यास कळते व तो हात आखडता घेतो. मोटारीच्या इंजिनात हेच काम प्राणवायू-सेन्सर करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या नळात तो बसविलेला असतो. ज्वलनानंतर धुरात किती प्राणवायू उरला हे तो मोजतो व त्याची वार्ता इंजिनाच्या संगणकास देतो. संगणक त्यानुसार इंधनाची फवारणी कमीअधिक करतो.

शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यास १ किलो पेट्रोलास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बरोबर जमले म्हणजे त्यास ‘लॅम्बडा १’ असे म्हणतात. हवा अधिक व पेट्रोल कमी असेल तर आकडा १ च्या वर जातो. अशा मिश्रणास कारागीर ‘लीन’ म्हणतात. पेट्रोल अधिक असेल तर आकडा १ च्या खाली उतरतो व ते मिश्रण ‘रिच’ ठरते. बॉश कंपनीने तयार केलेला असा सेन्सर १९७६ साली स्वीडनच्या व्होल्वो मोटारीत प्रथम वापरात आला. धुरातील विषारी वायू शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचे पात्र मिश्रणाचे प्रमाण १ च्या अगदी निकट असतानाच नीट काम करते. त्यामुळे सेन्सर व हे पात्र यांची जोडी कायमची जमली.

सेन्सरचे दोन प्रकार प्रचारात आहेत. दोघांत मुख्य पदार्थ झिर्कोनियाची चिनी मातीसारखी भाजलेली कुपी किंवा पट्टी असून तिच्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावरच ती काम करू लागते. ती लवकर तापावी म्हणून आत विजेवर चालणारा हीटर असतो.

पहिल्या व जुन्या प्रकारात एका बाजूस धूर व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते. दोहोंतील प्राणवायूच्या फरकामुळे अल्प विद्युतदाब निर्माण होतो. मिश्रण लीन असता तो सुमारे ०.१ व्होल्ट व रिच असता सुमारे ०.९ व्होल्ट भरतो. इंजिन तापलेले व निरोगी असता ही नोंद या दोन टोकांमध्ये सारखी खालीवर होत राहते. नवख्या माणसास हा दोष वाटतो. परंतु वस्तुतः तेच आरोग्याचे लक्षण होय.

दुसरा प्रकार ‘वाइडबँड’ या नावाने ओळखला जातो. मिश्रण किती लीन अथवा किती रिच आहे, हेही तो सांगू शकतो. आजच्या टर्बो गाड्यांत कन्व्हर्टरच्या आधी बहुधा हाच असतो. त्याची नोंद साध्या मीटरने व्होल्टमध्ये घेऊ नये. स्कॅनरवर दिसणारा लॅम्बडाचा आकडाच प्रमाण मानावा. पहिल्या प्रकाराचा नियम दुसऱ्यास लावल्यामुळे कित्येक चांगले सेन्सर निकामी ठरविले जातात.

टर्बोमुळे पडणारा फरक

साधे इंजिन हवा स्वतः ओढून घेते. टर्बो इंजिनात धुराच्या वेगावर एक चक्र फिरते व त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. १९०५ साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युशी या अभियंत्याने या कल्पनेचे एकस्व घेतले. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून पुढे पाठविली जाते. टर्बो, इंटरकूलर व थ्रॉटल यांना जोडणारे रबरी पाइप व क्लिपा ही या रचनेतील सर्वांत दुबळी जागा होय. चढावर भार पडला म्हणजे याच पाइपांत दाब वाढतो आणि सैल झालेला सांधा हवा सोडू लागतो.

या गळतीचा परिणाम गाडी हवेचे माप कसे घेते यावर अवलंबून असतो. काही गाड्यांत एअर फिल्टरनंतर वाहत्या हवेचे माप घेणारा सेन्सर असतो. अशा गाडीत टर्बोनंतरचा पाइप फुटला तर मोजलेली हवा वाटेतच निसटते. पेट्रोल मात्र पूर्ण हिशेबाने पडते व मिश्रण रिच होते. दुसऱ्या काही गाड्यांत इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब मोजतात. त्यांत असा पाइप फुटला तरी मिश्रण फारसे बिघडत नाही, केवळ गाडीची ओढ कमी होते. म्हणून आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे हे कारागिरास आधी विचारून घ्यावे.

दोष नसून दोष भासणाऱ्या नोंदी

पुढील प्रसंगी नोंद टोकाची दिसली तरी सेन्सर अथवा इंजिन बिघडले असे समजू नये.

१. इंजिन थंड असताना संगणक जाणूनबुजून पेट्रोल जास्त देतो व काही काळ सेन्सरचे ऐकत नाही.

२. मुंबईस माल पोचवून कसारा घाट चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर अनेक पेट्रोल इंजिनांत मिश्रण लॅम्बडा ०.८ ते ०.९ पर्यंत रिच केले जाते. जास्तीच्या पेट्रोलाने सिलिंडर व टर्बो थंड राहावे हा त्यातील हेतू असतो.

३. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला असता पेट्रोल पूर्ण बंद होते. त्या वेळी धुराच्या नळातून निव्वळ हवा जाते व नोंद अत्यंत लीन दिसते. ही सेन्सरची आयती परीक्षाच होय. अशा वेळी वाइडबँड सेन्सरने बाहेरच्या हवेइतका, म्हणजे सुमारे २१ टक्के, प्राणवायू दाखविला तर त्याचे वाचन विश्वसनीय समजावे.

सर्वांत उपयुक्त आकडा : इंधन-दुरुस्ती

लॅम्बडाचा आकडा १.०० दिसला म्हणजे सर्व ठीक आहे, असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक होय. पाटाचे पाणी शेताच्या तोंडाशी पुरेसे पोचत असेल, परंतु त्यासाठी पाटकऱ्यास दार नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त उघडावे लागत असेल, तर चारीत कोठे तरी गळती आहे हे जाणकार शेतकरी ओळखतो. इंजिनाच्या संगणकाचेही तसेच आहे. मिश्रण बरोबर राखण्यासाठी त्याला पेट्रोल किती टक्के वाढवावे अथवा घटवावे लागले, हा आकडा स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ या नावाने दिसतो. तात्कालिक व दीर्घकालीन असे त्याचे दोन भाग असतात. दोघांची बेरीज करावी. ती अधिक अथवा उणे १० टक्क्यांच्या आत असल्यास सामान्यतः चिंता करण्याचे कारण नाही. त्यापलीकडे गेल्यास कारण शोधावे. अधिक चिन्ह म्हणजे सेन्सरला मिश्रण लीन दिसत होते म्हणून पेट्रोल वाढविले. उणे चिन्ह म्हणजे ते रिच दिसत होते म्हणून घटविले.

हा आकडा इंजिन तापल्यानंतर दोन स्थितींत लिहून घ्यावा. पहिली, गाडी उभी असताना मंद गतीत. दुसरी, मिनिटास सुमारे २५०० फेऱ्या ठेवून. शक्य असल्यास भार घेऊन चढावर चालतानाची तिसरी नोंद कारागिराने घ्यावी. गाडी चालविणाऱ्याने स्वतः स्कॅनर पाहू नये, सोबतच्या माणसाकडून आकडे लिहवून घ्यावे.

आकड्यांवरून निदान

समजा, हवेच्या वहनाचे माप घेणाऱ्या गाडीत मंद गतीत अधिक १८ टक्के व २५०० फेऱ्यांना अधिक ३ टक्के असे आकडे आले. याचा अर्थ असा की, थोडी पण ठरावीक हवा चोरून आत येते. मंद गतीत एकूण हवाच कमी असल्याने ही चोरी मोठी ठरते, वेग वाढला म्हणजे ती नगण्य होते. थ्रॉटलनंतरचे गॅस्केट, निर्वाताच्या बारीक नळ्या व इंजिन ऑइलची वाफ नेणारा पाइप तपासावा. मात्र धुराच्या नळास सेन्सरच्या आधी बारीक चीर पडली असली तरीही आकडे असेच दिसतात. धुराच्या दोन झटक्यांमधील क्षणी त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते व सेन्सरला मिश्रण लीन भासते. सांध्याभोवती काजळीची काळी रेघ दिसल्यास अथवा थंड इंजिन सुरू करताच टकटक असा आवाज आल्यास ही चीर असल्याचे समजावे.

समजा, मंद गतीत अधिक ३ व चढावर अधिक १५ टक्के असे आकडे आले. भार वाढताच पेट्रोल अपुरे पडते असा याचा अर्थ होतो. पेट्रोल पंपाचा दाब, फिल्टर व इंजेक्टर तपासावेत. हवेचे माप घेणाऱ्या सेन्सरवर धुळीचा थर बसला असता तो हवा कमी मोजतो व आकडे जवळजवळ असेच येतात. ही स्थिती सर्वांत धोक्याची होय. टर्बोच्या दाबाखाली मिश्रण लीन राहिले तर सिलिंडरमध्ये खटखट होऊन पिस्टन जळू शकतो. या आकड्यांसह चढावर ठोके ऐकू आल्यास गाडी भाराने चालविणे ताबडतोब थांबवावे.

समजा, आकडे सर्व स्थितींत उणे १५ च्या आसपास आले. गळणारा इंजेक्टर, पेट्रोलची वाफ टाकीतून इंजिनात नेणारा उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, अथवा वाजवीपेक्षा जास्त असलेला पेट्रोलचा दाब यांपैकी कारण असण्याचा संभव आहे. केवळ भाराखालीच नोंद नेहमीपेक्षा अधिक रिच होत असेल, गाडीची ओढ कमी झाली असेल व पाय दाबताच फुस्स असा आवाज येत असेल, तर टर्बोनंतरच्या पाइपांकडे प्रथम पाहावे. सांध्यावर ऑइलचा ओलसर डाग असणे ही त्याची खूण होय.

प्लग अथवा कॉइल बिघडून एखादा सिलिंडर ठिणगी चुकवीत असेल, तर त्यातील न वापरलेला प्राणवायू धुरात येतो व सेन्सर लीन अशी वार्ता देतो. त्याच वेळी न जळलेले पेट्रोलही कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेट घेते व ते पात्र वितळू शकते. अशा वेळी इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. दिवा लुकलुकत असता गाडी दामटू नये.

तपासणीचा क्रम

१. दोषांक व तो नोंदला गेला त्या क्षणीची स्थिती प्रथम लिहून घ्यावी. फेऱ्या, भार व पाण्याचे तापमान यांची ही टिपणी संगणक साठवून ठेवतो. दिवा विझावा म्हणून बॅटरीची तार काढू नये. तसे केल्याने हा पुरावा व शिकलेली दुरुस्ती दोन्ही पुसली जातात.

२. दोषांकाचा अर्थ नीट पाहावा. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन व पी ०१७२ म्हणजे मिश्रण रिच. या दोहोंत सेन्सर बिघडला असे म्हटलेले नाही. पी ०१३५ हा हीटरच्या मंडलाचा दोष होय. पी ०१३३ म्हणजे सेन्सर मंदपणे प्रतिसाद देतो. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपुरा आहे.

३. डोळ्यांनी तपासणी करावी. एअर फिल्टर, पाइप, क्लिपा व तारा पाहाव्यात. गोठ्याशेजारी अथवा कांदाचाळीत उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हे विसरू नये.

४. इंधन-दुरुस्तीचे आकडे वर सांगितल्याप्रमाणे घेऊन गळती शोधावी. यासाठी हवेच्या मार्गात कमी दाबाने धूर सोडण्याची पद्धत उत्तम होय. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल अथवा ज्वालाग्राही फवारा मारून गळती शोधण्याची रीत घातक असून ती टाळावी.

५. इतके झाल्यावरच सेन्सरची परीक्षा घ्यावी. हीटरचा फ्यूज व जोडणी पाहावी. नंतर इंजिन तापवून ॲक्सिलरेटर झटक्याने दाबावा व सोडावा. दाबताना नोंद रिचकडे व सोडताना लीनकडे चटकन गेली तर सेन्सर जिवंत आहे. नोंद एकाच जागी खिळून राहिली, अथवा फार उशिरा हलली, आणि तारा निर्दोष असल्या, तरच तो बदलावा.

कन्व्हर्टरनंतर बसविलेला दुसरा सेन्सर निराळ्या कामाचा असतो. त्याची नोंद स्थिर राहणे हे चांगले लक्षण होय. ती सारखी खालीवर होऊ लागल्यास कन्व्हर्टर निकामी झाला असावा अथवा जवळपास धुराची गळती असावी.

सेन्सर कशाने बिघडतो

देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागल्याने शिशाचे भय संपले. परंतु गॅस्केटच्या जागी सर्रास लावले जाणारे सिलिकॉनचे लुकण, सिलिंडरमध्ये पाझरणारे कूलंट व टर्बोच्या सीलमधून झिरपणारे ऑइल यांचा लेप सेन्सरवर बसून तो मंद होतो. म्हणून सेन्सर खरोखर निकामी आढळल्यास त्यावर कोणता लेप आहे, हे पाहिल्यावाचून नवा बसवू नये. मूळ कारण कायम राहिल्यास नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. नवा बसविताना त्याच्या टोकास ग्रीस लागू देऊ नये व तार पिळू देऊ नये.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

ऊस व मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यांस या विषयाचे विशेष अगत्य आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याच्या ज्वलनास बाहेरची हवा कमी लागते. १ किलो शुद्ध इथेनॉलास सुमारे ९ किलो हवा पुरते, तर २० टक्के मिश्रणाच्या किलोस सुमारे १३.५ किलो लागते. याचा अर्थ, तेवढ्याच हवेस पेट्रोल थोडे अधिक द्यावे लागते. १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या गाडीत २० टक्क्यांचे पेट्रोल भरल्यास इंधन-दुरुस्ती सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेली दिसावी, हे स्वाभाविक आहे. तो सेन्सरचा दोष नव्हे. लॅम्बडाचे माप मात्र कोणत्याही इंधनास १ हेच राहते. जुन्या गाडीतील रबरी नळ्यांवर कोणते इंधन चालेल, याविषयी गाडीच्या पुस्तिकेतील सूचना पाळावी.

डिझेल गाड्यांविषयी

डिझेल इंजिनात हवा नेहमीच जरुरीपेक्षा जास्त असते. त्यामुळे तेथील नोंद सदैव लीन दिसते व ती तशीच असावयास हवी. पेट्रोल गाडीचे नियम तेथे लावू नयेत. डिझेल गाडीत पाय दाबताच काळा धूर व कमी ओढ ही लक्षणे दिसली, तर टर्बोचे पाइप, एअर फिल्टर व धूर परत फिरविणारा व्हॉल्व्ह यांची तपासणी आधी करावी.

एक सावधगिरी

मिश्रण बिघडलेल्या पेट्रोल गाडीचा कन्व्हर्टर नेहमीपेक्षा फार जास्त तापतो. अशी गाडी उसाच्या पाचटावर, कडब्यावर अथवा वाळलेल्या गवतावर उभी केल्यास आग लागण्याचा धोका आहे. खळ्यात व शेतात गाडी मोकळ्या जमिनीवरच उभी करावी.

सारांश, दिवा लागल्यावर सेन्सर मागविण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी कारागिरास तीन गोष्टी विचाराव्यात : दोषांक कोणता व तो कोणत्या स्थितीत नोंदला गेला, मंद गतीत व भाराखाली इंधन-दुरुस्ती किती टक्के आहे, आणि हवेची व धुराची गळती तपासली काय. या तिन्हींची उत्तरे कागदावर आल्यावाचून सेन्सर बदलण्यास संमती देऊ नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे तीन प्रश्न गावातील गाडीमालकांस समजावून सांगावेत. त्यामुळे व्यर्थ खर्च वाचेल व टर्बोच्या दाबाखाली होणारी इंजिनाची मोठी हानीही वेळीच टळेल.